आगीच्या आश्रयानें राहिलेलें झुडूप

आंबा, काजू, बिब्बा, चारोळी आणि पिस्ता हीं एकाच घराण्यांतील झाडें आहेत असें एकाएकीं सांगितलें, तर पुष्कळांना तें खरें वाटणार नाहीं. आंबा हा फळांचा राजा, काजू आणि पिस्ता सुक्या मेव्याच्या ताटांतले, चारोळी खिरींतली, आणि बिब्बा तर परटानें कपड्यांवर खूण करावी किंवा आजीनें औषधाच्या बटव्यांत ठेवावा असा. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या सर्वांना एकाच कुलांत घातलें आहे व त्या कुलाला काजूवरून नांव दिलें आहे. या कुलांतील पुष्कळ झाडांच्या अंगीं चीक किंवा राळेसारखा रस असतो, आणि त्यांपैकीं कांहींचा रस कातडीला लागला तर तेथें फोड उठतात. बिब्बा उतला म्हणजे काय होतें, हें घरांतील वडील मंडळींना निराळें सांगावयास नको. काजूच्या टरफलाचें तेल हात भाजतें आणि कैरीचा चीक ओठांना लागून चट्टे पडतात, तीं याच कौटुंबिक गुणाचीं उदाहरणें होत.

या कुलाची ‘सुमाक’ नांवाची एक शाखा पृथ्वीच्या बऱ्याच भागांत पसरलेली आहे. इराण, तुर्कस्तान आणि सीरिया या देशांत एका सुमाकाच्या आंबट फळांची तांबूस पूड कबाबावर व भातावर भुरभुरतात, आणि त्याचीं पानें कातडें कमावण्यास वापरतात. उत्तर अमेरिकेंत या शाखेच्या अनेक जाति आहेत. तेथील मूळच्या रहिवाशांत सुमाकाचे तांबडे घोस थंड पाण्यांत भिजवून आंबट पेय करण्याची चाल होती. आमसुलाच्या सरबताशीं परिचय असलेल्यांना त्याची कल्पना सहज करतां येईल. या अमेरिकन सुमाकांपैकीं बहुतेक जाति विपुल आहेत. रस्त्याच्या कडेला, पडीत शेतांत, रेल्वेच्या बाजूला त्या आपोआप माजतात. मात्र त्यांच्यांतील एक ठेंगणें भावंड अगदीं विरळा झालेलें आहे. त्याचें शास्त्रीय नांव ऱ्हस मिशॉक्सिआय, आणि बोलण्यांतलें नांव ‘मिशोचा सुमाक’. तें विरळा कां झालें आणि ज्या थोड्या जागीं उरलें तेथें तें कां उरलें, हा विचार करण्यासारखा विषय आहे.

हें झुडूप उंचीनें माणसाच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत, म्हणजे सुमारें १ ते ३ फूट एवढेंच होतें. त्याच्या सर्वांगावर दाट मऊ लव असते, त्यामुळें पान हातांत घेतलें तर तें मखमलीसारखें लागतें. पान संयुक्त असून एका देठावर साधारणतः ९ ते १३ दलें असतात व प्रत्येक दलाची कड करवतीसारखी दांतेरी असते. उन्हाळ्याच्या आरंभीं, जून महिन्याच्या सुमारास, शेंड्यावर बारीक हिरवट पिवळ्या फुलांचा ताठ तुरा येतो आणि पुढें ऑगस्टपासून शरदापर्यंत तांबड्या, लवदार, लहान फळांचा घोस पिकतो. हिंवाळ्यांत पानें झडतात आणि जमिनीवर काटक्यांसारखी खोडें तेवढीं उरतात. असें हें झाड कोणाच्या डोळ्यांत भरण्यासारखें नाहीं.

तरीहि तें एका तीक्ष्ण दृष्टीच्या मनुष्याला दिसलें. आंद्रे मिशो हा १७४६ सालीं फ्रान्समध्यें व्हर्सायजवळ एका शेतकरी कुटुंबांत जन्मला. विवाहानंतर वर्षभरांतच पत्नी वारली, तेव्हां दुःखाचा विसर पडावा म्हणून तो वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळला. इराणांत कांहीं वर्षें भ्रमण करून परतल्यावर १७८५ सालीं फ्रान्सच्या राजानें त्याला अमेरिकेंत धाडलें. जहाजें बांधून बांधून फ्रान्सची अरण्यें उजाड होत चाललीं होतीं, म्हणून उपयुक्त लांकडाचीं नवीं झाडें शोधून त्यांचीं रोपें व बियाणें पाठवावें, ही त्याची कामगिरी होती. मिशोनें न्यू जर्सींत आणि दक्षिणेकडे चार्ल्सटन शहराजवळ बागा करून हें काम अकरा वर्षें केलें. मध्यंतरीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, राजा गेला आणि मिशोचा पगारहि गेला. परंतु त्याची पायपीट थांबली नाहीं. १७९६ सालीं तो परत निघाला, तों हॉलंडच्या किनाऱ्याजवळ त्याचें जहाज फुटलें. तो वांचला आणि त्याचा वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रहहि बव्हंशीं वांचला. पुढें १८०२ सालीं मादागास्कर बेटांत त्याचा अंत झाला, आणि त्याचा उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०३ सालीं प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथांत त्यानें या झुडुपाला त्याच्या ठेंगणेपणावरून नांव दिलें होतें. पण तेंच नांव अगोदर दुसऱ्या एका वनस्पतीला दिलें गेलें होतें, आणि एका नांवाचे दोन धनी शास्त्राला चालत नाहींत. म्हणून बोस्टनच्या आर्नल्ड वृक्षोद्यानाचे पहिले संचालक चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांनीं १८९५ सालीं शोधकाच्याच नांवानें त्याचें पुन्हां बारसें केलें.

नांवाप्रमाणें या झुडुपाच्या लौकिकाचीहि गोष्ट घोटाळ्याची आहे. आरंभींच्या कांहीं ग्रंथकारांनीं त्याला सर्व सुमाकांत अत्यंत विषारी ठरविलें. वास्तविक फोड आणणारा ‘विषारी सुमाक’ हें निराळें झाड आहे आणि शास्त्रज्ञांनीं तें आतां वेगळ्या शाखेंत काढलें आहे. तें दलदलींत उगवतें, त्याच्या दलांची कड सरळ असते, आणि त्याचीं पांढुरकीं फळें पानांच्या बेचक्यांतून खालीं लोंबतात. मिशोचा सुमाक कोरड्या जागेंत वाढतो, त्याची कड दांतेरी असते, आणि तांबडा घोस शेंड्यावर ताठ उभा राहतो. त्याच्या अंगीं तें विष नाहीं. तरीहि ‘खोटा विषारी सुमाक’ हें एक नांव त्याला चिकटून राहिलें. दुर्लौकिक एकदां झाला म्हणजे निर्दोष ठरल्यावरहि तो पुरता पुसला जात नाहीं, याचा अनुभव झाडांनाहि घ्यावा लागतो.

त्याचा मूळचा प्रदेश म्हणजे संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागांतील किनाऱ्याची सखल पट्टी आणि तिच्या मागील पीडमाँट नांवाचा उंचसखल प्रदेश. उत्तरेस व्हर्जिनियापासून दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लॉरिडा येथपर्यंत त्याच्या जुन्या नोंदी आहेत. त्यांपैकीं साउथ कॅरोलायना व फ्लॉरिडा येथील स्थानें पुढें नष्ट झालीं. जॉर्जियांत अगदीं थोडें उरलें. मुख्य वस्ती नॉर्थ कॅरोलायनांत, विशेषतः ‘सँडहिल्स’ म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशांत, आणि व्हर्जिनियाच्या दक्षिण भागांत आहे. वाळूची किंवा खडकाळ जमीन, विरळ झाडी आणि भरपूर ऊन एवढेंच त्याचें मागणें असतें. परंतु मागणें साधें असलें म्हणजे तें मिळतेंच असें नाहीं.

पहिली अडचण त्याच्या प्रजोत्पादनांत आहे. पपईच्या बागेंत नर झाड निराळें आणि मादी झाड निराळें असतें. नुसतीं नर झाडें लावलीं तर फळ धरत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. मिशोच्या सुमाकाची प्रकृति सामान्यतः तशीच आहे. नर फुलें एका झुडुपावर आणि मादी फुलें दुसऱ्यावर. शिवाय तें जमिनीखालून आडवीं खोडें पसरवितें व त्यांतून जागोजागीं नवे कोंब वर काढतें. केळीच्या एका गड्ड्यापासून मुनवे फुटून बेट व्हावें, तसेंच हें. वरून पाहणाऱ्याला शेंकडों झुडुपें दिसतात. परंतु जमिनीखालीं तीं सर्व एकाच मुळाचीं, म्हणजे एकच व्यक्ति आणि अर्थातच एकाच लिंगाचीं असूं शकतात. उरलेल्या बहुतेक वसाहतींत एकच लिंग आढळतें. जेथें केवळ नर आहेत तेथें फळ नाहीं, आणि जेथें केवळ मादी आहेत तेथें पराग देणारें झाड मैलोगणती दूर आहे. अशी वसाहत वर्षानुवर्षें हिरवीगार राहील, पण तिला संतति होणार नाहीं. म्हणूनच या झाडाच्या बाबतींत नुसती शिरगणती फसवी ठरते. शंभर खोडें मोजून शंभर झाडें वांचलीं असें समाधान मानलें, तर प्रत्यक्षांत कदाचित् एकच वांचलेलें असतें.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. ती समजण्यास त्या प्रदेशांतील जुन्या अरण्याचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. व्हर्जिनियापासून टेक्ससपर्यंत एके काळीं लांब पानांच्या पाइनचें अरण्य सुमारें ९ कोटी एकरांवर पसरलेलें होतें. तें घनदाट मुळींच नव्हतें. उंच, सरळ, एकमेकांपासून दूर उभीं झाडें, त्यांच्यामधून जमिनीपर्यंत पोंचणारें ऊन, आणि खालीं गवत व फुलझाडें असें तें मोकळें वन होतें. त्याला मोकळें ठेवणारी शक्ति म्हणजे आग. दर दोनचार वर्षांनीं, कधीं विजेमुळें तर कधीं मूळच्या रहिवाशांनीं लावल्यामुळें, गवतांतून बुटकी आग सरकत जाई. तिच्यांत ओकादि झाडांचीं रोपें जळत. पण पाइनचें लहान रोप गवताच्या झुबक्यासारखें जमिनीशीं बसून लांब पानांच्या आड आपला कोंब सुरक्षित ठेवी. मिशोच्या सुमाकाचा उपायहि साधा होता. त्याचें वरचें खोड जळून जाई, परंतु मातींतील खोड शाबूत राही, आणि उघड्या पडलेल्या जमिनींतून तें नव्या जोमानें कोंब काढी.

एकोणिसाव्या शतकांत आणि विसाव्याच्या आरंभीं या पाइनचें लांकूड व राळ यांसाठीं त्या अरण्याचा फन्ना उडाला. शेतें, गांवें आणि झटपट वाढणाऱ्या निराळ्या पाइनच्या लागवडी यांनीं ती भूमि व्यापली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मूळच्या ९ कोटींपैकीं जेमतेम ३० लाख एकर अरण्य उरलें. जें उरलें त्यांतूनहि आग हद्दपार झाली. वणवा हा शत्रु, तो दिसतांक्षणींच विझवावा, असें सरकारी धोरण झालें. १९४४ सालीं तर त्यासाठीं टोपी घातलेल्या अस्वलाचें चित्र देशभर भिंतींवर झळकलें आणि लहान मुलांनाहि पाठ झालें. या धोरणामागें सद्हेतु होता, कारण पश्चिमेकडील प्रचंड वणव्यांनीं माणसें व गांवें होरपळलीं होतीं. परंतु आग्नेय भागांतील अरण्याचा स्वभाव निराळा होता. हर्बर्ट स्टॉडर्ड या निरीक्षकानें १९३१ सालींच तेथील लावा पक्ष्यावरील आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें होतें कीं, आग बंद केल्यानें ते पक्षी वाढण्याऐवजीं कमी होतात. तें मत रुजण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंवर मोकळ्या वनांत रानझाडें दाटलीं, जमिनीवर गर्द सावली पडली आणि मिशोचा सुमाक त्या सावलींत गुदमरूं लागला. त्याला कोणीं तोडलें नाहीं, कोणीं उपटलें नाहीं. त्याच्यावरील ऊन तेवढें हिरावलें गेलें.

मग तें उरलें कोठें? याचें उत्तर काहींसें अनपेक्षित आहे. व्हर्जिनियांत ब्लॅकस्टोन गांवाजवळ दुसऱ्या महायुद्धांतील सैन्याच्या शिक्षणासाठीं १९४२ सालीं पिकेट नांवाची छावणी उघडण्यांत आली. तिचा विस्तार ४० हजार एकरांहून अधिक आहे. तिच्या मध्यभागीं तोफांचे गोळे जेथें पडतात, त्या भागांत माणसांना मज्जाव असतो. गोळ्यांनीं गवत पेटतें, आग पसरते आणि विझते. असें दशकांमागून दशकें चालू राहिलें. जेव्हां वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्या परिसराची पाहणी केली, तेव्हां तेथें जुन्या काळचें मोकळें वन तर आढळलेंच, पण मिशोच्या सुमाकाची ज्ञात असलेली सर्वांत मोठी वसाहतहि आढळली. नॉर्थ कॅरोलायनांतील फोर्ट ब्रॅग या विस्तीर्ण छावणींतहि हें झुडूप टिकून राहिलें, त्याचें कारण बरेंचसें तेंच. सेनापतींच्या मनांत वनस्पतींचें रक्षण मुळींच नव्हतें. परंतु त्यांच्या तोफांनीं नकळत तें काम केलें, जें बाहेरच्या जगांत विजेला आणि जुन्या रहिवाशांना करूं दिलें गेलें नाहीं.

छावण्यांच्या बाहेर हें झुडूप ज्या जागीं उरलें, त्या जागाहि अशाच उपऱ्या आहेत. रस्त्याची कड, विजेच्या तारांखालील मोकळा पट्टा, रानाची तोडलेली किनार. तेथें झाडें वाढूं देत नाहींत, म्हणून ऊन मिळतें. परंतु त्याच जागीं रस्ता रुंद होतो, तणनाशक औषध फवारलें जातें, किंवा फुलोऱ्याच्या ऐन वेळीं गवत कापण्याचें यंत्र फिरतें. ज्या हातानें आसरा मिळाला, त्याच हातानें नाश होण्याचें भय असतें.

१९८९ सालच्या सप्टेंबर महिन्यांत संयुक्त संस्थानांच्या मध्यवर्ति सरकारनें मिशोच्या सुमाकाचें नांव संकटग्रस्त जातींच्या यादींत घातलें आणि १९९३ सालीं त्याच्या पुनरुज्जीवनाची योजना मान्य केली. ज्या कायद्याखालीं हें झालें, तो १९७३ सालचा कायदा जगांत प्रसिद्ध आहे. परंतु त्यांत पशुपक्षी आणि वनस्पति यांना सारखें स्थान नाहीं. संकटग्रस्त पक्ष्याला खासगी जमिनींतहि मारतां येत नाहीं. संकटग्रस्त झाडाला मात्र मध्यवर्ति सरकारच्या जमिनीवर पूर्ण आसरा असतो. खासगी जमिनींत, राज्याचा एखादा कायदा आड येत नसेल तर, मालकानें तें उपटलें तरी सामान्यतः गुन्हा होत नाहीं. पक्षी कोणाच्याच मालकीचा नाहीं पण झाड जमिनीच्या धन्याचें, ही जुनी कल्पना या भेदाच्या मुळाशीं आहे. आणि जेथें कायद्याचा आसरा पूर्ण आहे, तेथेंहि तो कुऱ्हाडीला अडवितो, सावलीला अडवूं शकत नाहीं. एखाद्या वसाहतीभोंवतीं कुंपण घालून पाटी लावली आणि पुढें वीस वर्षें तिकडे कोणी फिरकलें नाहीं, तर कायद्याचा भंग न होतांच ती वसाहत नाहींशी होऊं शकते.

म्हणून या झाडाचें रक्षण हें शेताच्या मशागतीसारखें काम झालें आहे. वाऱ्याची दिशा, हवेंतील ओल आणि गवताचा कोरडेपणा पाहून, भोंवतीं जाळरेषा काढून, माणसें हजर ठेवून ठराविक तुकड्याला आग लावावयाची. जेथें आग लावणें शक्य नाहीं तेथें वरचीं झाडें तोडून ऊन मोकळें करावयाचें. रस्त्याच्या कामगारांना जागा दाखवून गवत कापण्याची वेळ बदलावयाची. हीं कामें वर्षामागून वर्षें करावीं लागतात. एकलिंगी वसाहतींत दुसऱ्या लिंगाचीं झुडुपें आणून लावण्याचा विचार करावा लागतो. बियांपासून रोपें करणेंहि सोपें नाहीं, कारण बीजाचें कवच अत्यंत कठीण असून तें आम्लानें किंवा अन्य रीतीनें झिजविल्याशिवाय फार थोडींच बीजें रुजतात. त्यांतच ‘गुळगुळीत सुमाक’ नांवाचा उंच, विपुल सोयरा जवळपास असला, तर त्याच्याशीं संकर होऊन मिश्र संतति निपजते. जोडीदार न मिळालेल्या झाडाला असा बलिष्ठ सोयरा मिळाला, तर फळें धरतात खरीं, पण मूळ जातीचें वेगळेपण हळुहळू पुसलें जाण्याचा धोका उरतो.

या उदाहरणावरून आपल्याकडील डोंगरांवर लागणारा प्रत्येक वणवा हितकारक असतो असा निष्कर्ष कोणी काढूं नये. सह्याद्रीच्या घाटांतील सदाहरित रान ओलाव्यावर पोसलेलें आहे, त्याला आगीची संवय नाहीं, आणि तेथें लागलेली आग रोपांचा, घरट्यांचा आणि मातीचा नाश करते. अमेरिकेच्या आग्नेय भागांतील पाइनच्या वनाचा धर्म निराळा, आणि आपल्या ओल्या रानाचा निराळा. तेथें झालेली चूक हीच होती कीं, पश्चिमेकडील प्रचंड वणव्यांवरून बसविलेला नियम साऱ्या देशाला एकसारखा लागू केला गेला. प्रत्येक रानाला काय हवें हें त्या त्या रानांत जाऊनच ठरवावें लागतें.

मिशोनें हें झुडूप टिपून ठेवलें, त्या वेळीं त्याला राजासाठीं जहाजांचें लांकूड हवें होतें. हें झुडूप त्या कामीं उपयोगी नव्हतें आणि आजहि बाजारांत त्याला किंमत नाहीं. तरी व्हर्जिनियांत आणि नॉर्थ कॅरोलायनांत कांहीं माणसें हातांत पेटता पलिता घेऊन पाइनच्या वनांत उतरतात आणि वारा अनुकूल आहे असें पाहून गवताला आग लावतात. नंतर काळ्या झालेल्या जमिनीवर लवदार कोंब वर आले, म्हणजे तीं माणसें ते मोजतात. आणि फुलोरा आला म्हणजे नर किती व मादी किती हेंहि नोंदून ठेवतात, कारण त्या झुडुपाचें भवितव्य पहिल्या आंकड्यापेक्षां या दुसऱ्या आंकड्यावरच अधिक अवलंबून आहे.